सागवानातली बुलेट

जगातली पहिली पेट्रोलवर चालणारी मोटरसायकल लाकडाची होती. जर्मनीतल्या कानश्टाटमध्ये गॉटलिब डाइम्लर आणि विल्हेल्म मायबाख यांनी १८८५ मध्ये ती बांधली. तिचा सांगाडा लाकडी होता, चाकंही लाकडीच. त्या सांगाड्याच्या पोटात २६४ सीसीचं, जेमतेम अर्धी अश्वशक्ती देणारं लोखंडी इंजिन उभं केलेलं होतं. डाइम्लरच्या मुलाने ती उंटरट्युर्कहाइमपर्यंत चालवली. इंजिनात ठिणगीऐवजी तापलेल्या नळीने पेट्रोल पेटवण्याची सोय होती आणि ती नळी बैठकीच्या अगदी खाली होती. वाटेत बैठकीनेच पेट घेतला. पुढे १९०३ मध्ये कानश्टाटच्या कारखान्याला आग लागली, तीत ती मूळ गाडीही जळाली. आज संग्रहालयांत दिसतात त्या तिच्या प्रतिकृती आहेत.

म्हणजे मोटरसायकलचा पहिला कारागीर जितका यंत्रज्ञ होता तितकाच सुतार. त्याची आठवण ठेवली की मोटरसायकलचं अख्खं इंजिन, त्यातल्या प्रत्येक दात्या-खाचेसह, लाकडात घडवण्याचा उद्योग नुसता हौशी नाद वाटत नाही. जगभर असे नादिष्ट आहेत. हाताने दांडा फिरवला की पिस्टन वरखाली होतो, व्हॉल्व उघडतात, मिटतात, साखळी सरकते, आणि हे सगळं लाकडात. बघणारा तोंडात बोट घालतो आणि पहिला प्रश्न विचारतो, 'हे चालतं का?' चालण्यासाठी ते केलेलंच नसतं. आत काय चालतं ते दिसावं, म्हणून केलेलं असतं.

अकोल्याहून वाशिमच्या रस्त्याला लागलं की पातूर येतं. गावाजवळ खडकात खोदलेली लेणी आहेत, टेकडीवर रेणुकामाता आहे, आणि पुढे मेडशीकडे जाताना सागाच्या रानातून चढणारा घाट. या घाटाने आधी बैलगाड्या पाहिल्या, मग राजदूत आणि बुलेट पाहिल्या, आता तर चौपदरी रस्त्यावरची सगळी वाहतूक पाहतो आहे. अशा गावात इंजिनाची लाकडी प्रतिकृती करायची म्हटलं तर लागणारं निम्मं शहाणपण बाहेरून आणावं लागत नाही. ते वऱ्हाडातल्या सुताराकडे, ज्याला इकडे वाढईही म्हणतात, पिढ्यान्‌पिढ्या होतं. खाचर, दमणी आणि रेंगी ही वाहनं त्यानेच घडवली. शंकरपटात ज्या हलक्या गाड्या बैलांमागे उधळतात, त्याही त्याच हाताच्या. तिफन, वखर, डवरा ही शेतीची अवजारं तर त्याची रोजची कामं. हे शहाणपण आणि इंजिन यांचं नातं कुणी नीट उलगडून सांगत नाही, म्हणून ते इथे सविस्तर मांडायचं.

या नात्याची सुरुवात फौंड्रीत, म्हणजे ओतशाळेत होते.

इंजिनाचं सिलिंडर, क्रँककेस, हेड हे भाग ओतीव असतात. वितळलेला धातू वाळूच्या साच्यात ओतायचा, तर वाळूत त्या आकाराचा ठसा आधी उठायला हवा. तो ठसा उठवण्यासाठी जो नमुना लागतो त्याला फौंड्रीत सगळे 'पॅटर्न' म्हणतात, आणि शंभर-दीडशे वर्षं तो मुख्यतः लाकडाचाच असे. पॅटर्न करणारा सुतारच, पण घरदाराचं काम करणाऱ्या सुतारापेक्षा त्याचा हिशेब वेगळा. ओतलेला धातू थंड होताना आकसतो. बिडाचा भाग मीटरमागे साधारण दहा मिलिमीटर आखडतो, ॲल्युमिनियमचा तेरा. म्हणून पॅटर्न करणाऱ्याची मोजपट्टीच मुळात लांब असते. तिच्यावरचा एक सेंटिमीटर खऱ्या सेंटिमीटरपेक्षा किंचित मोठा. बिडासाठी एक पट्टी, ॲल्युमिनियमसाठी दुसरी. कामगाराने चुकून पट्टी बदलली तर सगळा माल मापाबाहेर जातो.

एवढ्यावर भागत नाही. वाळूतून पॅटर्न वर उचलताना साच्याच्या कडा ढासळू नयेत म्हणून उभ्या बाजूंना अंशा-दोन अंशांचा उतार द्यावा लागतो. जिथे नंतर लेथवर कातायचं आहे तिथे दोन-तीन मिलिमीटर जादा माल ठेवायचा. भाग आतून पोकळ असेल तर पॅटर्न मात्र भरीव करायचा, पोकळीसाठी वाळूचा वेगळा गाभा तयार करायचा, आणि तो गाभा साच्यात टेकवण्यासाठी पॅटर्नला दोन्ही टोकांना अशी बोंडं ठेवायची जी खऱ्या भागात कुठेच नसतात. ज्या पेटीत हा गाभा ठोकतात ती कोअरबॉक्सही लाकडाचीच, आणि तिच्यात इंजिनाचं आतलं पोट उलटं कोरलेलं असतं. सिलिंडरचं बाहेरचं रूप एका लाकडात, आतलं दुसऱ्या लाकडात. दोन्ही डोक्यात एकत्र धरून ठेवणं ही त्या सुताराची खरी करामत.

भरीव पॅटर्न तराजूत घालून ओतीव भागाचं वजन अंदाजण्याची पद्धतही जुनी आहे. सागाची घनता घनसेंटिमीटरला सुमारे ०.६५ ग्रॅम, बिडाची ७.२. त्यामुळे सागाचा पॅटर्न किलोभर भरला तर भट्टीत अकरा किलो बीड लागणार हे आधीच कळतं.

महाराष्ट्रात ओतकामाचा हा वारसा किर्लोस्करवाडीपासून सांगायला हवा. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत चित्रकला शिकायला गेले होते. काही रंग त्यांना नीट ओळखू येत नाहीत असं निघालं, तेव्हा त्यांनी यांत्रिक रेखाटनाची वाट धरली आणि व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवूही लागले. पुढे बेळगावात सायकलींचं दुकान, कडबा कापण्याचं यंत्र, १९०३ मध्ये लोखंडी नांगर आणि १९१० मध्ये औंधच्या पंतप्रतिनिधींनी दिलेल्या माळावर किर्लोस्करवाडी. हा क्रम शाळेच्या पुस्तकांमुळे माहीत असतो. त्यात एक गोष्ट मात्र सुटते. ओतशाळा म्हटली की सुतारखातं आलंच. लोखंडी नांगराने लाकडी नांगर मागे सारला, पण त्या लोखंडी नांगराचा ओतीव फाळही आधी लाकडात घडल्याशिवाय वाळूत उतरू शकत नव्हता. कोल्हापूरच्या उद्यमनगरात ऑइल इंजिनं तयार होऊ लागली तिथेही हेच. आज पॅटर्न ॲल्युमिनियमचे, रेझिनचे किंवा सीएनसीवर कोरलेले असतात, काही ठिकाणी थ्रीडी प्रिंटरवरूनही निघतात. मोठा आणि थोड्याच नगांचा भाग ओतायचा असला की अजून लाकडाकडे वळावं लागतं.

प्रतिकृती करणारा याच सुताराच्या वाटेने चालतो, फक्त त्याला आकसण्याचा हिशेब नसतो. उतार नको, जादा माल नको, गाभ्याची बोंडं नकोत. त्याऐवजी त्याच्यापुढे दुसरी अडचण उभी राहते. पॅटर्न एकदा वाळूत दाबून बाहेर काढला की त्याचं काम संपतं. प्रतिकृतीतले भाग एकमेकांवर घासत फिरायचे असतात आणि लाकूड धातूसारखं वागत नाही.

कोणतं इंजिन निवडायचं? या प्रश्नाला आपल्याकडे एक सरळ उत्तर आहे. १९५५ मध्ये मद्रासजवळ भारतीय उत्पादन सुरू झालेल्या एन्फिल्ड बुलेटचं ३५० सीसीचं जुनं इंजिन. सिलिंडरचा व्यास ७० मिलिमीटर, पिस्टनची धाव ९० मिलिमीटर, त्या व्यासाच्या वर्तुळाचं क्षेत्रफळ धावेने गुणलं की ३४६ सीसी. बिडाचं सिलिंडर, त्यावर ॲल्युमिनियमचं हेड, इनलेट आणि एक्झॉस्टसाठी दोन स्वतंत्र झाकणं, खालच्या क्रँककेसमध्ये दोन जाडजूड फ्लायव्हील, मागे वेगळी जोडलेली गिअरपेटी. हे इंजिन सुमारे २०१० पर्यंत, म्हणजे अर्ध्या शतकाहून अधिक काळ, मूळ आराखडा फारसा न बदलता बनत राहिलं. त्यामुळे भंगाराच्या दुकानात त्याचे सुटे भाग मिळतात आणि गावोगावच्या मिस्त्रींना ते डोळे मिटून उघडता येतं. प्रतिकृतीसाठी याहून मोठी सोय नाही. शिवाय त्यातली प्रत्येक क्रिया नजरेला पडेल इतकी मोठी आणि सुटी आहे. हल्लीच्या इंजिनांत सगळं एकाच डब्यात दाटीने बसवलेलं असतं, त्यात बघणाऱ्याच्या हाती काही लागत नाही.

पहिलं काम मापांचं. एक मोडकं इंजिन पूर्ण सुटं करायचं, रॉकेलने धुवायचं, आणि व्हर्निअर घेऊन एकेक भाग कागदावर एकास एक मापाने उतरवायचा. मिस्त्रीच्या बोटांना हे भाग ठाऊक असतात, पण मापं ठाऊक असतातच असं नाही. सुताराला मापं घेता येतात, पण हा भाग असा वाकडा का आहे ते कळत नाही. म्हणून दोघांनी एका बाकावर बसावं लागतं. क्रँकपिन फ्लायव्हीलच्या मध्यापासून बरोबर ४५ मिलिमीटरवर असली पाहिजे, कारण धाव तिच्या दुप्पट, ९०. हे एकदा उमगलं की सुतार स्वतःच पुढचं विचारू लागतो.

मग येतो लाकडाच्या रेषांचा प्रश्न, आणि या कामाची खरी मेख तिथेच आहे. लाकूड रेषेच्या दिशेने मजबूत आणि रेषेला आडवं नाजूक. फळीतून एक सपाट चकती कापून तिला दाते पाडले तर चकतीच्या दोन बाजूंचे दाते टिकतात, उरलेल्या दोन बाजूंच्या दात्यांत रेष आडवी येते आणि ते पहिल्याच फेऱ्यात तुटतात. इंग्लंडमधल्या जॉन हॅरिसनपुढे हीच अडचण होती. समुद्रावर रेखांश काढण्यासाठी घड्याळ बनवणारा म्हणून त्याचं नाव जगात झालं, पण तो मूळचा सुतार. १७१३ मध्ये त्याने केलेल्या पहिल्या मोठ्या घड्याळाची चाकं ओकची होती. दाते त्याने थोडे थोडे करून वेगळ्या तुकड्यांत कापले आणि प्रत्येक तुकड्याची रेष चाकाच्या मध्याकडून बाहेर जाईल अशी बसवली. ब्रॉकल्सबी पार्कच्या तबेल्यावर १७२२ च्या सुमारास त्याने बसवलेलं लाकडी घड्याळ अजून चालतं.

हॅरिसनची ही युक्ती वऱ्हाडातल्या गाडीच्या चाकात उघड्यावर दिसते. गाडीचं चाक एका फळीतून कुणी कापत नाही. मधला तुंबा एका भरीव ओंडक्याचा, बहुधा बाभळीचा. त्यात ठोकलेल्या प्रत्येक आऱ्याची रेष मध्यापासून परिघाकडे धावते, कारण भार त्या दिशेने येतो. परिघावरचे पुठ्ठे मात्र कमानीने जातात, त्यांची रेष परिघाबरोबर. शेवटी लोखंडी धाव. ती चाकापेक्षा थोडी लहानच घडवतात. शेणाच्या गोवऱ्यांच्या वर्तुळात तापवून लाल करतात, फुगलेल्या धावेला दोन-तीन माणसं चिमट्यांनी उचलून चाकावर चढवतात, आणि लगेच पाणी ओततात. लोखंड आकसतं आणि तुंबा, आरे, पुठ्ठे सगळ्यांना असं आवळून धरतं की एक खिळा मारावा लागत नाही. बुलेटच्या क्रँकपिनला दोन फ्लायव्हीलमध्ये घट्ट दाबून बसवतात, त्यामागेही हीच जाण आहे: भोक जरा कमी, पिन जरा जास्त, आणि पकड मिळते ती याच फरकातून.

त्यामुळे लाकडी फ्लायव्हील करताना गाडी घडवलेल्या हाताला शिकवायला लागत नाही. तो आपसूक चकती अनेक तुकड्यांत विभागतो, तुकड्यांच्या रेषा फिरवतो आणि मधे भरीव तुंबा ठेवतो. व्हॉल्व उघडणाऱ्या कॅमच्या चाकांचे दातेही स्वतंत्र बसवतो. क्रँकच्या चाकाला जितके दाते, कॅमच्या चाकाला त्याच्या बरोबर दुप्पट, कारण चार टप्प्यांच्या इंजिनात पिस्टन चारदा सरकून क्रँकचे दोन फेरे होतात तेव्हा प्रत्येक व्हॉल्व एकदाच उघडतो. हा एक ते दोनचा हिशेब पुस्तकात वाचून विसरला जातो. दाते हाताने मोजून कापणारा तो जन्मात विसरत नाही.

सिलिंडरचे पंख हा सगळ्यात चिकाटीचा भाग. हवेने इंजिन थंड राहावं म्हणून सिलिंडरभोवती पातळ कड्यांसारखे पंख असतात. ओतकामातही ते नाकी नऊ आणतात, कारण बारीक फटीतली वाळू ढासळते. लाकडात अडचण वेगळी. एका ठोकळ्यातून लेथवर कातले तर पंखाच्या कडेवर दोन ठिकाणी आडवी रेष येते आणि नखाच्या धक्क्यानेही तुकडा उडतो. यावर उपाय असा: पातळ पातळ तीन चकत्या रेषा एकमेकींना आडव्या ठेवून चिकटवायच्या, मग त्या जोडचकतीतून पंख कापायचा. दोन पंखांच्या मधे कमी व्यासाची जाडसर चकती. अशा सगळ्या चकत्या एका गोल दांड्यावर ओवून, सरस लावून, शिकंज्यात रात्रभर आवळायच्या. त्यानंतर ७० मिलिमीटरचं भोक कातायचं. व्हॉल्वच्या पुशरॉड सिलिंडरच्या अंगातूनच वर जातात, तेव्हा त्या बाजूला पंखांना खाच द्यावी लागते. ही खाच शेवटी, धारदार पटाशीने, एकेका पंखाला आधार देऊन. घाई केली की दिवसांचं काम एका ठोक्यात जातं.

कोणतं लाकूड कुठे, हाही निवडीचा भाग. मेळघाटातला साग परतवाड्याच्या लाकूडबाजारातून अख्ख्या वऱ्हाडात पोचतो. त्याचं आकसणं कमी, अंगात नैसर्गिक तेल, म्हणून पिस्टन, कनेक्टिंग रॉड आणि फिरणारे भाग त्याचे. बिडाच्या काळपट सिलिंडरला शिसव शोभतो. क्रँककेससाठी शिवण, कारण ती फिकट, हलकी आणि कोरायला सोपी. पितळी बुशच्या जागी हळदू, त्याचा पिवळा रंग बघणाऱ्याला आपोआप बुश दाखवतो. स्पार्कप्लगच्या पांढऱ्या चिनीमातीसाठी काळा कुडा घ्यावा, झाडाच्या नावात काळा असला तरी लाकूड हस्तिदंतासारखं पांढरं. पुशरॉड आणि पकडीचे दांडे धावड्याचे, ज्याच्यापासून कुऱ्हाडीचे दांडे करतात. रंग लावण्याऐवजी झाडंच निवडली की प्रतिकृतीला एक वेगळीच अब्रू येते. यासाठी जंगलात जायचीही गरज नाही. जुने वाडे पाडताना निघालेला साग, मोडीत निघालेल्या गाड्यांचे आरे आणि तुंबे हे वर्षानुवर्षं सुकलेलं, वाकणं-फुगणं संपत आलेलं लाकूड. नव्या फळीपेक्षा ते केव्हाही भरवशाचं.

तरीही हवामान आपला हिसका दाखवतंच. अकोला जिल्ह्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो आणि लाकूड कोरडंठाक होतं. श्रावणात तेच लाकूड हवेतला ओलावा पितं. रेषेच्या दिशेने ते जवळपास हलत नाही, आडव्या दिशेने मात्र सागाचीसुद्धा शंभर मिलिमीटरची फळी मिलिमीटरभर फुगू शकते, आणि वार्षिक वलयांना समांतर बाजूने हे फुगणं दुसऱ्या बाजूच्या जवळजवळ दुप्पट. म्हणून मे महिन्यात झकास बसवलेला पिस्टन ऑगस्टमध्ये सिलिंडरात अडकून बसतो. जाणते लोक फट पावसाळ्यात तपासतात. पिस्टनची रेष उभी ठेवतात, म्हणजे त्याची उंची हलत नाही, आणि व्यासात मुद्दाम ढिलाई ठेवतात. वंगण म्हणून तेल घालायचं नाही, लाकूड ते पिऊन फुगतं. मेण किंवा शिसपेन्सिलीतल्या ग्रॅफाइटची पूड लावायची. एकाच जातीची दोन लाकडं एकमेकांवर घासली तर लवकर झिजतात, तेव्हा शक्यतो साग हळदूवर, शिसव सागावर अशी जोडी लावायची. हॅरिसनही ओकच्या चाकांना तेलकट, जड अशा लिग्नम व्हायटीच्या लाकडाचे रूळ लावत असे आणि तेलाची बाटली लांब ठेवत असे.

व्हॉल्वची स्प्रिंग मात्र लाकडाची होत नाही. बांबूच्या कांबीने काहीजण काम भागवतात, पण सरळ पोलादी स्प्रिंग वापरणं जास्त प्रामाणिक. प्रेक्षकाला इथे लाकडाची हद्द संपली हेही दिसायला हवं.

खेड्यातल्या कारागिराला इंजिनाचं किती आकर्षण असतं याची उदाहरणं ताजी आहेत. सांगली जिल्ह्यात देवराष्ट्रे गावातल्या एका लोहाराने भंगारातून चारचाकी गाडी बांधली, तिला किक मारून सुरू करायची सोय केली, आणि २०२१ च्या शेवटी देशभर तिची चर्चा झाली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये यवतमाळ जिल्ह्यातल्या फुलसावंगीत एका तरुण वेल्डरने मोटारीचं इंजिन बसवून हेलिकॉप्टर उभं केलं होतं. चाचणीच्या वेळी पंखा तुटून डोक्याला लागला आणि तो गेला. त्याच्या हातात कसब होतं, जिद्द होती. चूक झाली तरी जीव जाणार नाही अशी शिकण्याची जागा मात्र त्याला कुणी दिली नव्हती. लाकडी इंजिनात पेट्रोल नसतं, वेग नसतो. पिन निसटली तर पिन निसटली, पुन्हा बसवायची. यंत्राचे नियम तेच, किंमत फक्त लाकडाची. अमेरिकेच्या पेटंट कार्यालयाने १८८० पर्यंत अर्जदाराकडून बारा इंचांच्या आत बसणारा नमुना मागितला तो याचसाठी. कागदावरची चूक नमुन्यात लपत नाही.

तालुक्याच्या आयटीआयमध्ये सुतारकाम शिकणारी मुलं आणि मोटर मेकॅनिकची मुलं एकाच आवारात असतात, पण एका कामावर क्वचितच येतात. एक वर्ष त्यांना मिळून बुलेटचं ३५० सीसीचं इंजिन करायला द्यावं. मापं आणि जुळवणी मेकॅनिकच्या मुलांकडे, रेषा आणि जोड सुतारकामाच्या मुलांकडे. गावातला गाडी घडवलेला एखादा म्हातारा सुतार पाहुणा शिक्षक म्हणून बोलवावा आणि त्याला इतर शिक्षकांइतकाच मेहनताना द्यावा. जुळवणीच्या दिवशी क्रँक आणि कॅमच्या चाकांवरचे दोन ठिपके समोरासमोर आणावेत, दांडा दोन फेरे फिरवावा, आणि पिस्टन कॉम्प्रेशनच्या टोकावर असताना दोन्ही व्हॉल्व मिटलेले आहेत का ते पाहावं. एखादा उघडा राहिला तर चाक एक दाता मागे घ्यावं आणि पुन्हा फिरवावं.